पिंपातले डास



माझे माहेर मुरबाडचे. तेथे दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करीत. शहापूरला इमारतीत राहावयास आल्यावर मीही तोच केला. डोळे चुरचुरले, डास मात्र तेथेच! २०२३ च्या पावसाळ्यात नातीला डेंग्यूचा ताप आला, तेव्हा कळले की हा डास दिवसा चावतो आणि आपल्याच घरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

तानसा आपल्या तालुक्यात. १८९२ पासून तिचे पाणी मुंबईला जाते. आपण मात्र पिंपे भरून ठेवतो, आणि तेथेच त्याची पैदास होते!

अंड्याचा डास व्हावयास ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करावे. पाणी फुकट घालवू नये; झाडांना घालावे. पिंप आतून काथ्याने खसखसून घासावे, कारण अंडी कडेला चिकटतात व कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. भरल्यावर तोंडाला फडके घट्ट बांधावे. कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचे भांडेही पाहावे.

पण भगिनींनो, डासाला शेजारचे दार परके नाही. तेव्हा सर्व बिऱ्हाडांनी एकच वार ठरवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.