लहानपणची सायकल

कावेरी आणि अरसलार ह्या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणम गावात चढ नाही आणि उतारही नाही. कावेरीने शतकानुशतके आणून टाकलेल्या गाळाची ही जमीन तव्यासारखी सपाट आहे. सारंगपाणीच्या गोपुरापासून निघावे, कुंभेश्वराच्या दारावरून जावे, महामहम् तलावाला वळसा घालून परतावे. एवढ्या फेरीत पायडलावर जोर देण्याचा प्रसंग सहसा येत नाही. अशा गावाचे आणि सायकलीचे सूत जुळावे, ह्यात नवल ते काय!

ह्या गावाशी मराठी माणसाचेही नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य स्थापिले, आणि 1855 मध्ये ते राज्य संपले तरी त्याच्यामागून आलेली कुटुंबे कावेरीकाठीच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे ह्या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव 1828 मध्ये ह्याच कुंभकोणमात जन्मले. गणितज्ञ रामानुजन् ह्यांचे बालपणही इथलेच. सारंगपाणी सन्निधी मार्गावरचे त्यांचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. एका मुलाचे बालपण जेथे गेले, त्या भिंती गावाने राखून ठेवल्या, ही गोष्ट खरोखर भूषणावह आहे.

परंतु सगळीच मुले रामानुजन् होत नाहीत. सामान्य मुलाच्या बालपणाचे स्मारक कोठे असते? बहुधा ते माळ्यावर असते, किंवा परसातल्या पडवीत भिंतीला टेकलेले असते. त्याच्या चाकांत हवा नसते, साखळीला तांबेरा चढलेला असतो आणि घंटीची वाटी केव्हाच हरवलेली असते. ते स्मारक म्हणजे त्या मुलाची लहानपणची सायकल.

मोठ्या माणसाची सायकल आणि लहान मुलाची सायकल ह्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. मोठ्याची सायकल झिजेपर्यंत वापरली जाते. लहान मुलाची सायकल झिजण्याआधीच मुलाला अपुरी पडते. दोन-तीन वर्षांत गुडघे हँडलला लागू लागतात, मग ती धाकट्या भावंडाकडे जाते, तेथून चुलत भावंडाकडे, आणि शेवटी भंगारवाल्याच्या तराजूत. कुंभकोणम हे पितळी भांड्यांचे गाव. घरोघरच्या भांड्यांवर नाव कोरण्याची चाल आपल्याकडे आहे, म्हणून आजीचा तांब्या मोडीत घालताना हात थोडा अडखळतो. सायकलीवर नाव नसते, असतो तो कारखान्याने ठोकलेला एक क्रमांक. तिला मोडीत घालताना कोणाचाच हात अडखळत नाही. म्हणूनच मोठ्यांच्या जुन्या सायकली आजही पुष्कळ सापडतात, पण मुलांच्या जुन्या सायकली शोधाव्या लागतात.

वास्तविक सायकलीच्या इतिहासात लहान मुलाचे ऋण मोठे आहे. 1817 मध्ये जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस ह्याने दोन चाकांचे लाकडी वाहन काढले, तेव्हा त्याला पायडल नव्हते; बसणाऱ्याने जमिनीला पाय मारीत धावायचे. पुढे पायडल आले, पुढचे चाक मोठे मोठे होत गेले, आणि 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली ह्याने सारख्या चाकांची व साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. आजची सायकल ती हीच. तरीही तिची चाके भरीव रबराची होती आणि खडबडीत रस्त्यावर अंग खिळखिळे करीत. बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवून पाहिल्या आणि 1888 मध्ये त्या कल्पनेचे पेटंट घेतले. तशी कल्पना रॉबर्ट थॉमसन ह्याला चाळीसेक वर्षे आधीच सुचली होती, परंतु ती जगाच्या चाकाला लागली ती एका पोराच्या तीनचाकीवरून.

आपल्या देशात सायकल प्रथम विलायतेहून आली. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असत, कारण ती कंपनी मुळात बंदुका करणारी. स्वातंत्र्यानंतर येथेच कारखाने उभे राहिले. 1949 मध्ये मद्रासेत टी. आय. सायकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही नावे तिने तमिळ मुलखाच्या घराघरांत पोहोचविली. 1951 मध्ये सोनिपतला ॲटलास निघाली, 1956 मध्ये लुधियान्यात हिरोचा कारखाना सुरू झाला. ह्यांतील ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला बंद पडला. दैवाचा खेळ असा की तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.

तथापि मुलांच्या मापाची सायकल विकत मिळणे हे त्या काळी थोड्याच घरांच्या नशिबी होते. बाकीच्यांना तासाच्या भाड्याची सायकल, नाही तर वडिलांची उंच काळी सायकल. सीटवर पाय पुरत नसे, म्हणून मुलगा मधल्या नळीखालून एक पाय पलीकडे घाली आणि वाकडातिकडा होऊन पायडल मारी. मराठीत ह्याला हाफ पायडल म्हणतात. तमिळमध्ये त्याचे नाव ‘कुरंगु पेडल’, म्हणजे माकडाचे पायडल. 2024 मध्ये ह्याच नावाचा तमिळ चित्रपट आला आणि अनेक प्रौढ प्रेक्षकांना आपल्या गुडघ्यांवरचे व्रण आठवले.

अशा सायकली गोळा करून पुन्हा उभ्या करण्याचा छंद आता आपल्या देशात रुजू लागला आहे. पुण्याच्या कर्वेनगरात 2017 मध्ये विक्रम पेंडसे ह्यांचे सायकल संग्रहालय सुरू झाले. तेथे दीडशेहून अधिक जुन्या सायकली आहेत. दुसऱ्या महायुद्धातली, विमानातून उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली घडीची सायकलही त्यांत आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात हे संग्रहालय निघावे, हे उचितच.

जुनी सायकल पुन्हा उभी करणे म्हणजे ती रंगवून काढणे, असा सर्वसाधारण समज आहे. जाणते लोक रंगाला सर्वांत शेवटी हात लावतात. पहिले काम म्हणजे काहीच न करणे: सायकल आहे तशी चहूबाजूंनी पाहायची, तिची छायाचित्रे घ्यायची, क्रमांक टिपून ठेवायचा. मग गंजलेल्या चाक्यांवर तेलाचे थेंब सोडायचे आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची. हातोड्याने घाई केली तर आटे कायमचे जातात. चिमटा आणि मागचे चाक उकलले की छर्रे मोजून रॉकेलात टाकायचे, कोनाला खड्डे पडले आहेत का ते पाहायचे, नवे ग्रीस भरायचे. चाकाचा आऊट काढणे हे तर कसबाचे काम. एक तार ताणावी तर समोरची सैल करावी लागते. टायर मिळविणे सर्वांत कठीण. सोळा इंच असे छापलेली दोन टायरे एकाच रिमवर बसतीलच असे नाही, कारण निरनिराळ्या देशांनी आपापली मापे ठरविली होती. आणि जुना रंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते आणि ती धूळ लहान मुलाला विशेष घातक. कागद पाण्यात भिजवून घासावे, हेच बरे.

येथपर्यंत सारे कसबाचे झाले. खरा प्रश्न ह्यापुढे येतो. काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे? नव्या रंगाने सायकल दुकानातल्यासारखी झळकेल, पण ज्या मुलाने ती चालविली त्याची एकही खूण तिच्यावर उरणार नाही. उलट सारेच जुने ठेवले तर ब्रेक लागणार नाही. संग्रहालयांतील जतनकारांचा एक नियम येथे उपयोगी पडतो: जे पुढे कोणाला पुसून पूर्ववत करता येणार नाही, असे काही करू नये. त्याला सायकलीपुरती एक पुस्ती जोडता येईल. ज्या भागावर जीव अवलंबून आहे तो नवा घालावा. ज्यावर केवळ आठवण अवलंबून आहे तो जुना राहू द्यावा.

पण आठवण तरी कोणाची? कल्पनेने असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. कुंभकोणममधील एका मराठी घरातले सत्तरी गाठलेले गृहस्थ आपली लहानपणची सायकल माळ्यावरून काढतात आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेतात. ही सायकल आपण आपल्या हिमतीवर, एका दुपारीत शिकलो, ही हकीकत त्यांनी मुलांना आणि नातवंडांना पन्नास वर्षे सांगितलेली आहे. मिस्त्री सायकल फिरवून पाहतो. कॅरिअरची डावी दांडी खाली वाकलेली आहे. “सार, ही सरळ करून देतो,” तो म्हणतो. गृहस्थांना ती केव्हा वाकली ते आठवत नाही. मूळचा रंग कोणता हेही नीट आठवत नाही. म्हणून ते वडील बहिणीला फोन करतात.

“अक्का, आपली सायकल हिरवी होती की निळी?”

“हिरवी. पण ‘आपली’ कशाला म्हणतोस? तुझी होती ती.”

“आणि कॅरिअर कशाने वाकले असेल ग?”

“वाकेल नाही तर काय! महिनाभर मागून धरून धावत होते मी. वळणावर तू गटारात चालला होतास. तू पडलास, मी पडले. पण दांडी सोडली नाही.”

क्षणभर दोन्हीकडे शांतता पसरते. मग अक्का विचारते, “नीट झाली का रे ती? मला एकदाही बसू दिले नव्हते कोणी.”

हे घर कल्पनेतले आहे, परंतु अशी घरे कल्पनेतली नाहीत. एका पिढीच्या लहानपणच्या सायकलींच्या गोष्टी बहुतेक करून मुलग्यांच्या गोष्टी आहेत. त्यांत मागून धरणारा हात असतो, पण त्या हाताचे नाव नसते. सायकल होती मुलाची. मुलीच्या वाट्याला आले ते तिच्यामागून धावणे. कुंभकोणमच्या दक्षिणेला पुदुकोट्टै जिल्ह्यात 1991 मध्ये साक्षरतेची मोठी चळवळ झाली, तेव्हा अक्षरांबरोबर सायकल चालविणेही शिकविले गेले आणि खेड्यापाड्यांतील हजारो स्त्रिया प्रथमच सायकलीवर बसल्या. पाण्याची भांडी, मुले, शेतमाल सारे त्यांनी स्वतः वाहून नेले, आणि बसची वाट पाहणे सुटले. चालू शतकात तमिळनाडू सरकार शाळेतील मुलींना आणि मुलांनाही सायकली देत आले आहे. सकाळच्या वेळी कावेरीकाठच्या रस्त्याने वेण्या बांधलेल्या मुलींच्या सायकलींची रांग जाते, तेव्हा ती कोणाला विशेष वाटत नाही. विशेष न वाटणे, हाच तिचा विजय होय.

म्हणून जुनी सायकल दुरुस्त करणाऱ्याने हत्यारे हाती घेण्याआधी आणखी एक काम करावे: घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावे. वस्तू पुष्कळ काही जपून ठेवते, पण ती आपण होऊन बोलत नाही. वाकलेली दांडी मिस्त्रीला दोष वाटते, मालकाला अपघात वाटतो, आणि तिसऱ्याच कोणाला ठाऊक असते की ती माया होती. दांडी सरळ केली की ते ठाऊक असलेले माणूसही एक दिवस निघून जाते, आणि मग ‘मी आपला आपण शिकलो’ एवढीच हकीकत उरते. ती खोटी नसते, परंतु अर्धी असते.

कावेरीकाठच्या मराठी घरांतील भाषेचेही काहीसे असेच आहे. साडेतीनशे वर्षांच्या वापराने तिला तमिळचा बाक आला आहे, आणि महाराष्ट्रातून आलेला पाहुणा तो बाक सरळ करावयास धावतो. त्यानेही आधी विचारावे की हा बाक कोणाच्या हातांनी आला. भाषा असो की सायकल, तिचे खरे जतन काचेच्या कपाटात होत नाही. तिच्यावर कोणीतरी बसावे लागते.

त्या कल्पनेतल्या घरी शेवटी काय होते, हे सांगणे अवघड नाही. ब्रेक नवे येतात, टायर नवे येतात, हिरवा रंग साबणाने धुतला की बराचसा तसाच निघतो. दांडी वाकडीच राहते. अक्का गावी येते तेव्हा तिच्या मापाची ती सायकल आता नाही. गुडघे तर केव्हाच पायऱ्यांनाही नाही म्हणू लागले आहेत. पण नात अंगणात पहिल्यांदा पायडलावर पाय ठेवते, आणि तोल जाऊ लागताच एक म्हातारा हात आपसूक मागे जाऊन ती वाकलेली दांडी धरतो. तो हात ह्या वेळी अक्काचा नसतो. अक्का ओट्यावर बसून पाहत असते. मागून धावत असतात ते तिचे धाकटे बंधू.