आल्बच्या पठारावरची मसूर



जर्मन जेवणाचा विषय निघाला की आपल्याकडे बिअर, सॉसेज आणि बटाटा यांच्यापुढे बोलणं सहसा जात नाही. पण हे झालं जत्रेतलं आणि खानावळीतलं जेवण. घरातलं जर्मन जेवण प्रांतागणिक बदलतं, आणि त्यातलं एक ताट असं आहे की मराठी माणसाला ते पहिल्याच घासाला ओळखीचं वाटावं. दक्षिण जर्मनीत स्वाबिया नावाचा मुलूख आहे. तिथे घरोघरी अख्खी मसूर शिजवतात, तिच्यासोबत श्पेट्सले म्हणजे अंड्यात भिजवलेल्या पिठाच्या ताज्या, ओल्या शेवया करतात, आणि वर पातळ लांब सॉसेजची जोडी ठेवतात. आज याच ताटाची गोष्ट सांगायची आहे. कारण यातली मसूर काही दशकं आपल्या मूळ मुलखातून पार नाहीशी झाली होती, आणि परत आली ती थेट रशियातून.

या मुलखाचं मुख्य शहर श्टुटगार्ट. मुंबईचं ते 1968 पासूनचं भगिनी-शहर. मोटारींच्या कारखान्यांमुळे आज तिथे मराठी इंजिनिअरही पुष्कळ आहेत. श्टुटगार्टच्या दक्षिणेला चढण लागते आणि आपण एका उंच पठारावर येतो. त्याचं नाव श्वेबिशे आल्ब. हे सगळं पठार चुनखडीचं. पाऊस पडतो, पण पाणी वर ठरतच नाही; खडकाच्या भेगांतून खोल निघून जातं आणि पायथ्याशी झरे होऊन बाहेर येतं. वरच्या गावांत शेकडो वर्षं लोक छपरावरचं पाणी हौदात साठवायचे, गुरांना डबक्यातलं पाजायचे. खालच्या खोऱ्यातलं पाणी पंपानं वर चढवायची व्यवस्था 1870 नंतरच्या काळात झाली, आणि तेव्हा कुठे तिथल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. नांगरलेल्या शेतात मातीपेक्षा दगडच जास्त दिसावेत अशी ती जमीन.

त्यात वाटण्या. हा मुलूख ज्या राज्यात होता त्या वुर्टेम्बर्गच्या बऱ्याच भागांत बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची रीत होती. तीन-चार पिढ्यांत शेताच्या चिंधड्या उडायच्या. हे दुखणं काय असतं ते आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. 1815 साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याच्या परिणामानं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. वुर्टेम्बर्गमध्ये पिकं बुडाली, लोक उपाशी मेले, हजारोंनी देश सोडला. त्यानंतर 1818 मध्ये तिथल्या राजानं होहेनहाइमला शेतकी शाळा काढली, आणि त्याच वर्षी कानश्टाटला शेतीचा मेळा सुरू केला. आज त्या मेळ्यात लोक बिअर प्यायला जातात. त्याच्या मुळाशी दुष्काळ आहे हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

आल्बच्या अशा दगडाळ जमिनीत गव्हाचं काही खरं नव्हतं. मसूर मात्र तग धरते. तिला चुना चालतो, दगड चालतात, पाणी कमी लागतं, आणि मुळांवरच्या गाठींतून ती हवेतला नत्र स्वतःच जमिनीत ओढून घेते, म्हणजे खताचाही प्रश्न नाही. दोष एकच: तिचा देठ कमकुवत. एकटी पेरली तर जमिनीवर लोळते, कुजते. म्हणून आल्बचे शेतकरी ती बार्लीबरोबर किंवा ओटबरोबर मिसळून पेरायचे. बार्ली उभी राहायची, मसूर तिला धरून वर चढायची. कापणी दोघींची एकदमच. मग खळ्यावर आणि घरी चाळण्या लावून दाणे वेगळे करायचे, खडे निवडायचे. हे काम बायका-मुलांचं, आणि ते हिवाळाभर पुरायचं.

आता स्वयंपाकघरात येऊ. स्वाबियन घरात मसूर करतात ती अशी. कांदा, गाजर, सेलेरीचा कंद आणि लीक बारीक चिरून धुरावलेल्या डुकराच्या चरबीवर परतायचे. त्यावर मसूर, तमालपत्र आणि पाणी किंवा हाडांचं सूप. मसूर शिजत आली की दुसऱ्या भांड्यात चमचाभर पीठ चरबीत तांबूस होईपर्यंत भाजून त्यात सोडायचं. हे पीठ भाजणं ही खरी हातोटी. थोडं फिकं राहिलं तर रस्सा खळीसारखा लागतो, जरा जास्त झालं तर कडवट होतो; बदामी रंग ओलांडून तपकिरीकडे जाताना जो खमंग वास सुटतो, त्याच क्षणी भांडं खाली उतरवावं लागतं. आणि सगळ्यात शेवटी व्हिनेगर. आधी घातलं तर मसूर शिजायचं नाव घेत नाही, कारण आंबटात दाण्याचं टरफल मऊ पडत नाही. आपण चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घालतो, त्याचं कारणही हेच.

श्पेट्सलेचं घरगुती माप असं सांगतात: माणशी शंभर ग्रॅम पीठ आणि एक अंडं, आणि वर एक अंडं भांड्याच्या नावाचं. मीठ, थोडं पाणी. पीठ मळायचं नाही, फेटायचं. लाकडी चमच्यानं, हात भरून येईपर्यंत, पिठाला बुडबुडे येईपर्यंत. मग एका बाजूला निमुळती धार असलेली छोटी लाकडी फळी पाण्यात बुडवून ओली करायची, तिच्यावर पीठ पातळ पसरायचं आणि लांब सुरीनं किंवा पत्र्याच्या पातीनं एकेक बारीक पट्टी उकळत्या मिठाच्या पाण्यात खरवडून टाकायची. सराईत हात फळी पातेल्याच्या काठावर टेकवतो, आणि पाती अशी सपासप चालते की एक पट्टी पाण्यात पडेपर्यंत दुसरी सुटलेली असते. श्पेट्सले वर तरंगले की झाऱ्यानं काढायचे. आता सोऱ्यासारखं दाबायचं यंत्र मिळतं, आणि पुष्कळ घरांत तेच वापरतात. पण फळीवरून खरवडलेल्या श्पेट्सलेला जाडी सारखी नसते. कुठे जाड, कुठे बारीक, टोकं पिळवटलेली. त्या खाचाखोचांत मसुरीचा रस्सा अडकतो. माझं मत फळीच्याच बाजूनं आहे.

जेवताना टेबलावर व्हिनेगरची बाटली असतेच. कढईत घातलेलं पुरेसं आहे असं कुणालाच वाटत नाही. जो तो आपल्या ताटात आणखी थोडं ओततो. सॉसेज मात्र जुन्या काळी रोज कुठलं? ते सणावाराचं. रोजचं जेवण मसूर आणि श्पेट्सले एवढंच. त्यात कुणाला गरिबी दिसेल. पण डाळ आणि धान्य एकत्र आलं की एकाच्या प्रथिनांतली उणीव दुसरं भरून काढतं. मांसावाचून अंगमेहनत करणारी माणसं या ताटावर उभी राहिली, यात नवल नाही.

हे सगळं लिहून ठेवण्याची परंपराही स्वाबियात जुनी. फ्रीडरिके लुइझे ल्योफ्लर या श्टुटगार्टच्या स्वयंपाकिणीचं पाककृतींचं पुस्तक 1791 साली निघालं आणि पुढे शंभरावर वर्षं आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढत राहिलं. 1932 मध्ये लुइझे हारर या गृहशास्त्राच्या शिक्षिकेनं आपलं पुस्तक काढलं. त्यात एक मूळ कृती नीट शिकवायची आणि मग तिच्यातून दहा पदार्थ कसे फुटतात ते दाखवायचं, अशी रचना होती. ते शाळाशाळांत लागलं. आजही कितीतरी घरांत आजीची वही आणि हाररबाईंचं पुस्तक एकाच फळीवर असतात. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं मापं बदललेली असतात, कुठे पिठाचा डाग, कुठे चरबीचा.

पण त्या वह्यांत मसुरीपुढे नुसतं "मसूर" एवढंच लिहिलेलं. कुठली मसूर, हे लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती. शेतात होती तीच.

दुसरं महायुद्ध संपलं, 1950 नंतर जर्मनीत पैसा आला. कारखान्यांत पगार चांगला, मग आल्बवर खडे निवडत कोण बसणार? मसुरीचं पीक बेभरवशाचं. एखाद्या वर्षी हाती काहीच लागत नाही. बाहेरदेशची मसूर स्वस्तात मिळू लागली. थोड्याच वर्षांत आल्बवरची मसूर संपली. आणि गंमत म्हणजे ताट तसंच राहिलं. मसूर-श्पेट्सले कुणीच सोडलं नाही. पिशवीवरचा देश तेवढा बदलला. त्यामुळे काही हरवलंय हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला या गोष्टीतलं हेच सर्वांत जिव्हारी लागतं. पदार्थ टिकला म्हणजे परंपरा टिकली असं आपण धरून चालतो. कृती वहीत राहते. बियाणं वहीत राहत नाही. ते पेरलं नाही तर काही वर्षांत मरतं.

लाउटराख नावाच्या आल्बवरच्या गावात वोल्डेमार मामेल हे सेंद्रिय शेती करणारे शेतकरी. 1985 च्या सुमारास त्यांनी पुन्हा मसूर पेरायचं ठरवलं. तिथले जुने वाण हवे होते. फ्रिट्झ श्पेट नावाच्या पैदासकारानं आल्बसाठी निवडून तयार केलेले दोन वाण एकेकाळी प्रसिद्ध होते, एक मोठ्या दाण्याचा, एक लहान. त्यांची चौकशी केली, तर कुणाकडे दाणा शिल्लक नव्हता. शेवटी मामेल यांनी फ्रान्समधल्या बारीक हिरव्या मसुरीवर सुरुवात केली. शोध मात्र सोडला नाही. कापणी जमू लागली, शेजारचे शेतकरी जोडले गेले, दाणे वाळवायची आणि वेगळे करायची यंत्रं उभी राहिली. आणि 2006 साली ते दोन्ही वाण सापडले. कुठे? रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या वाव्हिलोव्ह संस्थेच्या बियाणं-संग्रहात.

या संस्थेबद्दल थोडं सांगायलाच हवं. निकोलाय वाव्हिलोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञानं जगभर फिरून पिकांची बियाणी गोळा केली. 1940 मध्ये स्टालिनच्या राजवटीनं त्यांना पकडलं आणि 1943 मध्ये साराटोव्हच्या तुरुंगात ते खंगून मेले. त्याच काळात त्यांच्या शहराला, तेव्हाच्या लेनिनग्राडला, वेढा पडला होता. 872 दिवस. लाखो माणसं भुकेनं गेली. संस्थेतले लोक टनावारी धान्याच्या मधोमध बसून होते आणि त्यांनी त्यातला दाणाही खाल्ला नाही. भाताच्या वाणांचे जाणकार दिमित्री इव्हानोव्ह हजारो वाणांचं भात सांभाळत उपासमारीनं मेले. त्यांचे आणखी सहकारीही तसेच गेले.

तो वेढा घातला होता जर्मन सैन्यानं. आणि त्याच शहराच्या संग्रहातून, मागितल्यावर, जर्मन शेतकऱ्यांना त्यांच्या आज्यांची मसूर परत मिळाली. 2007 मध्ये आल्बची काही मंडळी स्वतः तिथे गेली आणि बियाणं घेऊन आली. मूठभर दाणे. ते आधी जपून वाढवायचे, त्यांचं बी धरायचं, पुन्हा पेरायचं. शेताला पुरेल एवढं बी व्हायला काही हंगाम गेले.

आज आल्बवरचे शंभराहून जास्त शेतकरी ही मसूर घेतात. "आल्ब-लाइसा" या नावानं ती विकली जाते. लाइसा हा मसुरीसाठीचा स्वाबियन बोलीतला शब्द. परदेशी मसुरीपेक्षा ती बरीच महाग असते. का, ते शेत पाहिल्यावर कळतं: अजूनही बार्ली किंवा ओटच्या आधारानंच ती उभी राहते, अजूनही कापणीनंतर लगेच वाळवावी लागते नाहीतर बुरशी धरते, आणि एखाद्या ओल्या उन्हाळ्यात सगळंच पीक हातचं जातं. शेतात तणही भरपूर, त्यामुळे फुलं, फुलपाखरं, पक्षीही परत आले आहेत.

चवीला ती आपल्या बाजारातल्या मसुरीपेक्षा घट्ट. शिजल्यावर दाणा अख्खा राहतो, फुटून पीठ होत नाही, आणि कवचाला किंचित अक्रोडाची चव असते. कऱ्हाड-इस्लामपूरकडे हायवेवरच्या ढाब्यांत अख्खा मसूर खाणाऱ्यांना तिची ओळख पटायला वेळ लागणार नाही. तुमचं कुणी श्टुटगार्टकडे असेल तर येताना अर्धा किलोची पिशवी आणायला सांगा. पहिल्यांदा करताना लसूण, मिरची, गोडा मसाला बाजूला ठेवा. कांदा, गाजर, तमालपत्र, तांबूस भाजलेलं पीठ, एवढ्यावर शिजवा. चरबीऐवजी तूप चालेल. सोबत श्पेट्सले जमले तर उत्तम, नाहीतर भात घ्या. व्हिनेगर उतरवताना घाला, आणि बाटली टेबलावर ठेवायला विसरू नका.