आधी पाया, मग तट



कोरडवाहूवाल्यांना समुद्राचे काय, असे तुम्ही म्हणाल. पण मालवणचा सिंधुदुर्ग पाहा. जंजिरा हाती येत नव्हता, म्हणून महाराज थांबले नाहीत. कुरटे बेट हेरले, १६६४ साली काम सुरू केले, पायात शिसे ओतले, मग तट चढवला. १६६७ साली किल्ला उभा राहिला.

आपला जंजिरा म्हणजे कर्ज. 'यंदा फेडीन' म्हटल्याने ते फिटत नाही. आज घरी जा, वही काढा. कपाशीचा एकरी खर्च लिहा: बियाणे, खत, फवारणी, वेचणी. घरधनिणीची मजुरीही लिहा. ती आजवर कुणी धरली? मग ठरवा, कपाशी किती, ज्वारी किती. पहिल्या वेचणीचा पैसा येताच ज्याचे व्याज जास्त, ते देणे आधी फेडा. वही हाच आपला पाया.