लग्नातला फोटो कोणाचा काढावा?



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. घरोघर पत्रिका येतात. आपण आहेर घेऊन जातो, अक्षता टाकतो, जेवून येतो. अलीकडे आपण आणखी एक काम करतो. खिशातला मोबाइल काढून फोटो घेतो. त्या फोटोंविषयी आज आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत.

आमच्या लहानपणी फोटो म्हणजे चैन होती. तालुक्याहून फोटोग्राफर येई. त्याच्या कॅमेऱ्यातल्या एका रोलमध्ये 12 फोटो निघत. पुढे 36 निघू लागले. म्हणून तो मोजून फोटो घेई. नवरानवरीचा, व्याह्यांचा, गावच्या चार मोठ्या माणसांचा. चुलीपाशी राबणारी आत्या आणि पंगतीत पाणी वाढणारा काका त्यात कुठून येणार?

आज रोलचा खर्च राहिला नाही. तरी काय दिसते? अंतरपाट धरला की शंभर हात वर होतात, आणि शंभर जण एकाच नवरीचा फोटो काढतात. आत्या आणि काका अजून फोटोच्या बाहेरच!

आमच्या माहितीतल्या एका घरची हकिगत ऐका. घरातली आजी वारली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. त्या घरात पाच लग्ने झालेली. सगळ्यांचे मोबाइल धुंडाळले. फोटो शेकड्यांनी निघाले. पण आजी एकाच फोटोत सापडली. तीही मागच्या रांगेत, निम्मा चेहरा कोणाच्या तरी फेट्याआड. तेवढाच तुकडा कापून मोठा केला. धाकटी नात बघून म्हणाली, "ही आमची आजी नाहीच."

म्हणून आमचे सांगणे असे. नवरानवरीचे फोटो ठरवलेल्या फोटोग्राफरवर सोपवा. त्याचे ते कामच आहे. पण आजी कोण, आत्या कोण, हे त्या परक्या माणसाला काय ठाऊक? ते तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्याने काढायचा फोटो तो हाच.

आता तो चांगला कसा यावा?

आधी मोबाइलच्या मागची भिंग पुसा. लग्नघरात हाताला तेल लागते, हळद लागते. ते बोट भिंगेवर गेले की फोटो धुरकट येतो. स्वच्छ, मऊ फडक्याने पुसले की काम झाले.

मग उजेड पाहा. उजेड माणसाच्या तोंडावर हवा, पाठीवर नको. पाठीमागे लख्ख ऊन असेल तर चेहरा काळा येतो. भर दुपारी उन्हातही उभे करू नका. डोळ्यांखाली सावल्या पडतात. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात चेहऱ्यावर तोच रंग उतरतो. त्यापेक्षा आजीला ओसरीच्या कडेला, दाराकडे तोंड करून बसवा. तो उजेड सौम्य असतो. रात्री दिव्याखाली न्या. मोबाइलचा झगमगाट चार पावलांपलीकडे फारसा पोचत नाही.

जवळ जा. लांबून बोटांनी चित्र ताणले की ते फुटते. माणूस बसलेला असेल तर आपणही खाली बसा. उभ्याने काढला की नुसते डोके मोठे दिसते. डोक्यामागे मांडवाचा खांब नाही ना, तेवढे बघा. कोपरे बरगड्यांना टेकवा, मोबाइल दोन्ही हातांनी धरा, पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि मग फोटो घ्या. दोन-तीन घ्या. एकात डोळे मिटले तर दुसरा असतो.

"जरा हसा" असे दटावून कोणी हसत नाही. आजीला तिच्या लग्नाची गोष्ट विचारा. ती बोलू लागली की फोटो घ्या.

मात्र आधी विचारावे. पोळ्या लाटणाऱ्या बाईला पदर सावरू द्यावा. नको म्हणाली तर राहू द्यावे. लेकीसुनांचे फोटो त्यांना न विचारता गावभर पाठवू नयेत. आणि 'सावधान' म्हटल्यावर अंतरपाट दूर होतो, तेव्हा मोबाइल खिशात ठेवावा. मागे बसलेल्या मुलीच्या मावशीला तो क्षण डोळ्यांनी पाहायचा असतो. तिच्यापुढे आपला हात नको. आपल्याही हातात त्या वेळी अक्षता असाव्यात.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. मोबाइल हरवतो, बिघडतो, पाण्यात पडतो. त्यातले फोटोही जातात. म्हणून एक-दोन चांगले फोटो निवडून तालुक्याच्या दुकानातून कागदावर काढून आणा. एक प्रत त्या माणसाला द्या. ज्याचा फोटो त्याच्या हाती गेला नाही, तो काढून काय उपयोग?

आणि त्या फोटोबरोबर एक चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवर लिहा, हे कोण, कोणाच्या लग्नात, कोणते गाव, कोणते साल. जुन्या पेट्यांतून असे कितीतरी फोटो निघतात, की त्यांतले माणूस कोण हे सांगणारे आता कोणी उरले नाही. त्या वेळी घरात लिहिणारा कोणी नव्हता. आता तुम्ही आहात. या वर्गात तुम्ही अक्षरे शिकलात. त्या अक्षरांनी पहिले नाव आजीचे लिहा.