मध्यावरचा भार आणि कडेचा भार



वसंत व्याख्यानमालेत सिमेंटच्या खांबावर बोलायला आम्हांला उभे केले, हे संयोजकांचे धाडसच म्हणायचे. पण भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, कुठेही जा. रेतीचे ढीग आणि सळयांच्या मोळ्या रस्त्याकडेला पडलेल्या दिसतात. आपल्यापैकी निम्म्यांनी घर बांधले आहे, उरलेल्यांना बांधायचे आहे. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

धानाच्या गिरणीतला हमाल पोते पाठीवर मधोमध घेतो. तेच एका खांद्याकडे सरकले की तो विरुद्ध बाजूला कलतो. खांबाला कलता येत नाही. भार सरकला की त्याची एक कड अधिक दाबली जाते. फारच सरकला तर दुसरी कड ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारच थोडा. तो सळयांनी घ्यायचा.

आता थोडा हिशोब, कंटाळू नका. २३० बाय ३०० मिलिमीटरचा, म्हणजे नऊ बाय बारा इंची खांब घ्या. त्यात १६ मिलिमीटरच्या चार सळया, काँक्रीट एम-२० प्रतीचे आणि पोलाद ४१५ प्रतीचे. मध्यावरच्या भाराचे सोपे सूत्र लावले, तर दीडपट सुरक्षितता राखून सुमारे ५२ टनांचे उत्तर येते. साध्या दुमजली घरात कोपऱ्याच्या खांबावर याहून कितीतरी कमी भार असतो. मग मालक म्हणतात, ‘‘साहेब, एवढे लोखंड कशाला?’’

पण आय.एस. ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत त्या सूत्राला एक अट आहे. भार मध्यापासून खांबाच्या बाजूच्या विसाव्या भागापेक्षा अधिक सरकलेला नसावा. तेच मानक दुसरीकडे बजावते की, गवंड्याचा ओळंबा कितीही नेमका असो, निदान २० मिलिमीटर सरक धरलीच पाहिजे. ३०० चा विसावा भाग १५ आणि २३० चा साडेअकरा. म्हणजे ४०० मिलिमीटरहून अरुंद खांबाला ते सूत्र लागूच होत नाही! भिंतीत लपावा म्हणून आपण हौसेने घालतो तो नऊ इंची खांब नियमाप्रमाणे केवळ मध्यभाराचा कधीच नसतो.

मधल्या खांबाला दोन्हीकडून तुळया येतात. एकीचा वाक दुसरी बराचसा फेडते. कोपऱ्यातल्याला फेडणारे कोणी नाही, आणि वाक दोन दिशांनी येतो. भार थोडा, पण ओढाताण जास्त.

याहून चमत्कारिक गोष्ट अभियंत्यांच्या आलेखात दिसते. १९८० सालच्या एस.पी. १६ या पुस्तिकेत असे आलेख पानोपानी आहेत. खांबावर भार मुळीच नसेल तर त्याची वाक सोसण्याची शक्ती बेताची असते. भार चढू लागला की ती वाढते, कारण दाबामुळे ताण मारला जातो. एका मर्यादेपुढे मात्र ती पुन्हा घटते. म्हणून गच्चीखालच्या खांबावर ओझे कमी, तेव्हा सळया निम्म्या करा, हा सल्ला घातक आहे. तेथे वाक असतो आणि त्याला आवरणारे ओझे नसते.

आणि रिंगा! ‘वितीवर एक’ हा कारागिरांचा हिशोब १६ मिलिमीटरच्या सळईला नऊ इंची खांबात कसाबसा चालतो. सळई १२ मिलिमीटरची असेल तर अंतर तिच्या सोळापटीहून, म्हणजे १९२ मिलिमीटरहून, जास्त नको. वीत तेथे मोठी पडते.

हे आम्ही पुस्तकातूनच शिकलो असे नाही. तरुणपणी एका दुमजली घराचा वरच्या मजल्याचा कोपऱ्यातला खांब आम्ही केवळ भारावर बेतला होता. नऊ बाय नऊ इंच, १२ मिलिमीटरच्या चार सळया. काही वर्षांनी मालकांनी बोलावले. तुळईच्या अगदी खाली, बाहेरच्या अंगाला, एक आडवी भेग. आम्ही तिला गिलाव्याची भेग ठरवून मोकळे झालो. पुढच्या दोन पावसाळ्यांत तिच्यातून गंजाचे ओघळ उतरले, तेव्हा कागद पुन्हा काढला आणि वाकाचा हिशोब प्रथमच मांडला. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. त्या खोलीत मालकांची मुले निजत होती.

सकाळी जाऊन तुळयांना टेकू दिले आणि खोली रिकामी करवली. कच्चे काँक्रीट खरवडले, गंजलेल्या सळया घासल्या, भोवती नव्या सळया आणि दाट रिंगा बांधून नवे काँक्रीट ओतले. खर्च अर्थात आम्ही दिला. आज तो खांब पंधरा इंची आहे, आणि शेजारची खिडकी अरुंद झाली म्हणून मालक अजून कुरकुरतात.