नेढं म्हणजे काय, हे मी सांगितलंच नव्हतं

आधी एक काम करा. जिथे असाल तिथे बोटांनी एखादं गाणं वाजवा. टेबलावर, बसच्या खिडकीवर, कुठेही. गुणगुणायचं मात्र नाही. आता शेजारच्याला विचारा, ओळख पाहू.

नाही ओळखणार. जुलैत आम्ही कॉलेजच्या चौघी भंडारदऱ्याला गेलो होतो, तेव्हा मी गणपतीची आरती वाजवली. घरात दरवर्षी दहा दिवस म्हणतो ती! एक म्हणाली, 'हॅपी बर्थडे.' मला खरंच राग आला. माझ्या डोक्यात झांजांसकट सगळं वाजत होतं ना.

एलिझाबेथ न्यूटन नावाच्या बाईंनी 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच प्रयोग केला होता. एकूण 120 गाणी वाजवली गेली. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. ओळखली गेली फक्त 3.

हे मला का झोंबलं, ते सांगते. ट्रिपच्या आदल्या आठवड्यात मॅनेजरने बोलावून सांगितलं, की माझ्या हाताखालच्या फ्रेशरने दुसरी टीम मागितली आहे. कारण काय, तर 'मॅमना प्रश्न विचारायची भीती वाटते.' मी? मी तर त्याला रोज अर्धा तास समजावून सांगते! माझ्या मते मी टीममधली सगळ्यात मदत करणारी व्यक्ती होते.

तर आम्ही उतरलो होतो रतनवाडीत. धरणाच्या मागच्या अंगाला, रतनगडाच्या पायथ्याशी. अमृतेश्वराचं देऊळ आहे तिथे, दगडात कोरलेलं, वेळ काढून बघा. पण पाऊस असा, की समोरचा अख्खा गड ढगात गायब. लाईट गेलेली, मोबाईलला रेंज नाही. आमच्यातली एक शाळेत शिकवते. तिने कागद काढले. दोघींनी पाठीला पाठ लावून बसायचं, एकीने सांगायचं, दुसरीने काढायचं. काढणारीने प्रश्न विचारायचा नाही.

मी डिसेंबरमध्ये रतनगड चढले होते, बाकी कोणी नाही. म्हणून मी गड सांगायला घेतला. 'मोठा डोंगर काढ. वर नेढं काढ. बाजूला खुट्टा.' सोपं आहे की! पाच मिनिटांनी कागद बघितला. गडाच्या माथ्याला चारी बाजूंनी तटबंदी, कारण पावसाच्या आवाजात तिने 'वेढा' ऐकलं. शेजारी गोठ्यातला खुंटा आणि त्याला बांधलेला एक बैल. बैल छान होता, खोटं कशाला बोलू. पण आमचा खुट्टा म्हणजे गडाला खेटून उभा असलेला कातळाचा सुळका!

मी वैतागून म्हणाले, 'अगं, इतकं साधं कळत नाही?' आणि म्हणता म्हणताच थांबले. हे वाक्य मी ऑफिसमध्ये किती वेळा म्हणते?

घरच्या मावशी चुलीपाशी भाकऱ्या थापत हे सगळं बघत होत्या. त्यांनी मैत्रिणीला विचारलं, 'पोरी, गोधडी शिवलीस का कधी?' ती म्हणाली, 'नाही, पण बटण लावते.' 'मग झालं. सुईत दोरा ओवतेस त्या भोकाला नेढं म्हणायचं. तसंच भोक डोंगराला पडलंय, आरपार. त्यात वारा खात बसता येतं, एवढं मोठं.' दुसऱ्या कागदावर नेढं बरोबर आलं. मावशींनी आधी विचारलं, तुला काय माहीत आहे. मी विचारलंच नव्हतं.

रात्री मेणबत्तीत अजून एक खेळ. जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये मांडलेली 'जोहरी विंडो'. (मला वाटलं कोणी सोन्याचांदीचे व्यापारी असतील. जो आणि हॅरी, म्हणून जोहरी!) शब्दांची यादी घ्यायची. स्वतःला लागू पडणारे पाच-सहा शब्द आपण निवडायचे, आपल्यासाठी बाकीच्यांनी निवडायचे, मग जुळवून बघायचं. मूळ यादीत सगळे बऱ्यापैकी चांगले शब्द आहेत. आमच्या शिक्षिकाबाईंनी त्यात चार कडू घातले.

मी निवडलं: शांत, मदत करणारी, समजूतदार. तिघींनी माझ्यासाठी वेगवेगळे शब्द निवडले, पण एक तिन्ही कागदांवर होता. 'घाईतली.' आठ वर्षांची मैत्री आहे आमची. मी विचारलं, 'आधी का नाही सांगितलंत?' तर म्हणे, 'तू ऐकायला थांबलीस कधी?' हसून म्हणाली, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. बाहेर पाऊस, आत मी स्वतःची जुनी वाक्यं आठवतेय.

सोमवारी ऑफिसला गेले. फ्रेशरला म्हटलं, 'आज तू सांगायचं, मी काढणार. आपली सिस्टिम कशी चालते?' तो आधी घाबरला. परीक्षा वाटली असावी. मग हळूहळू सांगायला लागला, मी बोर्डवर चौकोन काढत गेले. मधला एक आख्खा टप्पा त्याने सोडला. माझ्या तोंडावर 'अरे...' आलंच होतं, गिळलं. म्हटलं, 'या दोन चौकोनांच्या मध्ये काय होतं, हे तुला कोणी सांगितलंय?'

'नाही मॅम.'

'मी पण नाही?'

तो जरा वेळ मार्करच्या टोपणाशी खेळत बसला. मग म्हणाला, 'पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी. तुम्ही म्हणालात, एवढं तर माहीतच असेल.'

मला तो दिवस अजिबात आठवत नाही. मी बोर्ड पुसला नाही. खुर्ची ओढली आणि त्याला विचारलं, की कॉलेजमध्ये याच्या जवळपासचं काय शिकलायस?