मागच्या रांगेतला चेहरा



मघाशी पडद्यावर आपला दहावीचा ग्रुप फोटो आला, तेव्हा प्रत्येकानं आधी स्वतःला शोधलं. त्या फोटोवर मी तीन आठवडे बसलो होतो, म्हणून ही पाच मिनिटं मला मिळाली आहेत.

निगेटिव्ह केव्हाच हरवलेली. हाती होती ती कृष्णधवल प्रिंट. ती स्कॅन केली आणि गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओरखडे, डाग काढले. उत्साहाच्या भरात फोटोतले बारीक दाणेही पुसले, तर बाईंचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा झाला! (बाई, माफ करा.) फिल्मवर चित्र उमटतं तेच मुळी चांदीच्या कणांतून. त्या दाण्यांना ग्रेन म्हणतात. ते परत आणले.

मग आपल्यातल्याच काहींनी सुचवलं, त्या फोटोत नसलेल्या आपल्या मित्रालाही त्यात घ्यावं. पुढचं सांगायला त्याची परवानगी आहे.

त्याचा अकरावीच्या ओळखपत्रावरचा फोटो मिळाला. मागच्या रांगेत फक्त डोकं-खांदे दिसतात, त्यामुळे काम सोपं वाटलं. पण मोठा चेहरा लहान केला की त्याचे दाणे विरून जातात. शेजाऱ्यांत तो फारच गुळगुळीत दिसायला लागला. मग मधल्या करड्या रंगाचा एक थर वर टाकला, त्यात नॉइज मिसळला, किंचित धूसर केला आणि तो थर ओव्हरले पद्धतीनं खालच्या चित्रात मुरवला. दाण्यांचा आकार शेजारच्या चेहऱ्यांशी जुळेपर्यंत चार रात्री गेल्या. शेवटी जोड कुठे आहे ते मलाच सापडेना. खरं सांगतो, छाती फुगली होती.

त्याला पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "झकास केलंयस रे. पण फोटोचे पैसे घरी मागायला नकोत म्हणून मी त्या दिवशी गुऱ्हाळावर गेलो होतो. मी तिथं होतो असं कशाला दाखवतोस?"

मला काही बोलता आलं नाही. ती फाईल मी काढून टाकली. स्मरणिकेत जाईल तो फोटो त्याच्याशिवायचाच, फक्त ओरखडे काढलेला.

आज तो समोर दुसऱ्या रांगेत बसलाय. जेवणाआधी सगळ्यांनी ग्राउंडवर यायचंय, नवा ग्रुप फोटो आहे. त्याला कोपऱ्यात उभं राहू देऊ नका.